नाव यादीत, माणूस परमुलखात



मतदार यादी चावडीवर लागली की आपण काय करतो? आधी आपले नाव शोधतो, मग घरच्यांची शोधतो, आणि तेवढे झाले की शेजाऱ्यापाजाऱ्यांची वाचतो. वाचता वाचता कोणीतरी बोलून जाते, "हा तर दुबईला आहे." "ही दोघं ऊसतोडीला गेलीत बारडोलीकडं." "हा शिकायला गेला तो तिकडंच राहिला." नाव यादीत असते, माणूस मात्र परमुलखात असतो. मतदानाचा दिवस येतो, जातो, आणि त्या नावापुढे खूण काही होत नाही. या खेपेला त्याच नावांविषयी बोलायचे आहे.

एक गोष्ट पाहा. आपल्या शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातली पहिली आधार कार्डे वाटली गेली. तो आधारचा नंबर माणसाबरोबर कुठेही जातो, मुंबईला जातो, सुरतेला जातो. रेशनचेही तसेच झाले. ऑगस्ट २०१९ पासून महाराष्ट्राच्या कार्डावर गुजरातेत आणि गुजरातच्या कार्डावर महाराष्ट्रात धान्य घेण्याची सोय सुरू झाली. पैसे तर मोबाइलवरून क्षणात घरी येतात. म्हणजे ओळख जाते, धान्य जाते, पैसा जातो. एक मत तेवढे गावच्या शाळेच्या खोलीत खुंटीला बांधून ठेवल्यासारखे आहे. ज्याला ते द्यायचे असेल त्याने उठून गावी यायचे. मग तो वाघोद्याला असो, वापीला असो की वॉशिंग्टनला असो.

आधी साता समुद्रापलीकडच्यांचे पाहू. आपल्या भागातही आता अशी घरे आहेत की आईबाप शेतावर आणि मुलगा किंवा मुलगी परदेशात. कोणी संगणकाच्या कामाला, कोणी आखातात गवंडी किंवा विजेच्या कामाला, कोणी नर्स म्हणून, कोणी जहाजावर. आपल्या कायद्याचा मूळ नियम असा की, मतदार म्हणून नाव हवे असेल तर माणूस त्या भागात सर्वसाधारणपणे राहणारा पाहिजे. नुसते घर आहे, सातबारावर नाव आहे, एवढ्याने भागत नाही. त्यामुळे वर्षानुवर्षे परदेशी राहणाऱ्याचे नाव यादीत ठेवायला आधारच नव्हता. २०१० साली संसदेने लोकप्रतिनिधित्वाच्या कायद्यात दुरुस्ती केली, आणि फेब्रुवारी २०११ पासून परदेशी राहणाऱ्या भारतीय नागरिकाला यादीत नाव नोंदवता येऊ लागले.

त्यासाठी नमुना ६अ हा अर्ज आहे. पासपोर्टवर भारतातला जो पत्ता असेल त्या पत्त्याच्या मतदारसंघात नाव लागते. अर्ज निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावरून करता येतो किंवा आपल्या भागाच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे पोचवता येतो. अट एकच मोठी, त्याने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतलेले नसावे. नागरिकत्व सोडले की मतही गेले, मग त्याच्याकडे भारतात ये-जा करण्याचे कोणतेही कार्ड असो. असा मतदार झाला की त्याला साधे मतदार ओळखपत्र मिळत नाही. मतदानाला येताना मूळ पासपोर्ट दाखवावा लागतो.

आणि घोडे पेंड खाते ते इथेच. नाव परदेशातून नोंदवता येते, पण मत परदेशातून देता येत नाही. त्यासाठी विमानाने मुंबई, मुंबईहून रेल्वेने नंदुरबार, आणि तिथून गाव. निवडणूक जाहीर व्हायची आणि मतदान व्हायचे यात वेळ तरी किती असतो? २०२४ ची विधानसभा १५ ऑक्टोबरला जाहीर झाली आणि मतदान २० नोव्हेंबरला झाले. पाच आठवड्यांत रजा मिळवायची, तिकीट काढायचे, समुद्र ओलांडायचा, बोटाला शाई लावायची आणि परत फिरायचे. आखातात मजुरी करणाऱ्याचे दोन-तीन महिन्यांचे पैसे त्यात जातील. कोण करील हे?

कोणी करीत नाही, हे आकडेच सांगतात. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत सगळ्या देशात परदेशस्थ मतदार म्हणून नावे होती १,१९,३७४. त्यातले मत द्यायला आले २,९५८. चाळिसात एक. त्यातही बहुतेक केरळचे, कारण तिथल्या घराघरांतून माणूस आखातात गेलेला आहे आणि तिथे याची चळवळ आहे. आपल्या महाराष्ट्रात नावे होती ५,०९७ आणि मत दिले १७ जणांनी. तीनशेत एक! आणि हे तर नाव नोंदवणाऱ्यांचे झाले. परदेशात राहणारे आपले नागरिक आहेत दीड कोटीच्या घरात. त्यातल्या बहुतेकांनी अर्जच भरलेला नाही. भरून उपयोग काय, असे ते म्हणत असतील तर त्यांना बोल कसा लावायचा?

यावर सरकारने काहीच विचार केला नाही असे मात्र नाही. परदेशस्थांनी सुप्रीम कोर्टात अर्ज केले, निवडणूक आयोगाने समिती नेमली, आणि २०१४ साली त्या समितीने दोन वाटा सुचवल्या.

पहिली वाट मुखत्यार मतदानाची. म्हणजे परदेशातल्या माणसाने गावातल्या कोणाला तरी नेमायचे आणि त्याने याच्या वतीने मत द्यायचे. तसे विधेयक लोकसभेने ९ ऑगस्ट २०१८ रोजी मंजूरही केले. राज्यसभेत ते पुढे सरकले नाही, आणि २०१९ मध्ये लोकसभेची मुदत संपली तशी तेही संपले.

मला विचाराल तर ते संपले यात फार वाईट झाले असे वाटत नाही. जमिनीच्या खरेदीखतावर सही करायला कुलमुखत्यार चालतो. कारण जमीन किती, किंमत किती, हे कागदावर लिहिलेले असते, आणि मुखत्याराने घोटाळा केला तर कोर्टात जाता येते. मताचा कागद कोणाला दाखवायचा? परदेशातल्या मुलीने सांगितले एका चिन्हाला आणि गावातल्या काकाने बटण दाबले दुसऱ्याचे, तर दाद मागायची कुठे? शिवाय मत गुप्त राहिले कुठे? आपल्याकडे घरातल्या बाईचे मत कोणाला जायचे हे घरातला पुरुष ठरवतो, ही खोड अजून सगळीकडची गेलेली नाही. तिच्यात आणखी भर कशाला? सैन्यातल्या जवानांना मुखत्यार नेमण्याची सोय २००३ पासून आहे, पण जवान सीमेवर असतो, त्याची अडचण निराळी.

दुसरी वाट टपालाची. सैन्यातल्या माणसांना आणि परदेशातल्या आपल्या वकिलातीत काम करणाऱ्यांना मतपत्रिका पूर्वी टपालाने जायची आणि टपालानेच यायची. जाण्यातच इतके दिवस मोडत की मोजणी होऊन गेल्यावर ती परत पोचे. २०१६ मध्ये नियम बदलला. आता कोरी मतपत्रिका संगणकावरून क्षणात पोचते. जवान ती छापून घेतो, खूण करतो, पाकिटात घालतो आणि टपालाने पाठवतो. जाण्याचे दिवस वाचले. हीच सोय परदेशस्थ मतदारांना लागू करावी असे निवडणूक आयोगाने नोव्हेंबर २०२० मध्ये सरकारला लेखी कळवले. त्यासाठी कायदा बदलायचीही गरज नाही, नियमात दुरुस्ती केली की पुरे. पण ती दुरुस्ती अजून झालेली नाही.

या वाटेतही खड्डे आहेत, ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. आखातात अनेक मजुरांचा पासपोर्ट मालकाच्या कपाटात असतो. एका खोलीत दहा-दहा जण राहतात. तिथे मतपत्रिका आली तर खूण खरोखर कोणाची, हे कोणी पाहायचे? म्हणून खोलीवर पाकीट पाठवण्यापेक्षा वकिलातीत बोलावून, आडोशाला, अधिकाऱ्यासमोर सही घेऊन मत घ्यावे हे बरे. फिलिपाईन्स हा आपल्यासारखाच देश, लाखो माणसे परदेशात मजुरीला आणि जहाजावर गेलेली. त्यांनी २००३ साली कायदा केला आणि परदेशातून मत देण्याची सोय केली. फ्रान्सने तर २०१२ पासून परदेशातल्या आपल्या नागरिकांसाठी संसदेत ११ जागाच ठेवल्या आहेत. आपण तेवढे लांब जायला नको. पण कोणी केलेच नाही असे हे काम नव्हे, एवढे त्यातून कळते.

आता तुमच्यातले काहीजण म्हणतील, "भाऊ, हे विमानातल्या लोकांचे झाले. आमच्या पाड्यातून कोण जातो अमेरिकेला?" बरोबर आहे. पण आपल्याला परदेश लांब नाही. नवापूर स्टेशनवर जाऊन पाहा. एकाच फलाटाचा एक भाग महाराष्ट्रात आणि दुसरा गुजरातेत. बाकावर इकडे बसलेला माणूस आपल्या राज्यात, चार हात सरकला की परराज्यात. त्या फलाटावरून, त्या नाक्यावरून दर साली दिवाळी आटोपली की अक्कलकुवा, धडगाव, तळोदा, नवापूर भागांतली माणसे बायकापोरांसह बाहेर पडतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. बारडोली, मढी, चलथाण या भागांत कोयता घेऊन ऊस तोडायचा. कोणी सौराष्ट्रात शेतावर सालभर राहतो, कोणी सुरतेत बांधकामावर जातो. सातपुड्याच्या उतारावरच्या कोरडवाहू तुकड्यात मक्याची कणसे खुडून झाली की पुढे काम नाही. पोटाला हा परमुलूख धरावाच लागतो.

या माणसाच्या दृष्टीने बारडोली आणि दुबई यांत मताच्या बाबतीत काहीच फरक नाही. दोन्हीकडून मत देता येत नाही. दुबईवाल्याला विमानाचे तिकीट परवडत नाही, याला रोज बुडवणे परवडत नाही.

२०२४ सालचेच घ्या. विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबरला आणि राज्यातला गळीत हंगाम १५ नोव्हेंबरला सुरू करायचे ठरलेले. टोळ्या निघायच्या त्याच आठवड्यात मतदान. लोकसभेला गुजरातेत मतदान होते ७ मे रोजी आणि नंदुरबारला १३ मे रोजी. म्हणजे सुरतेतल्या कारखान्यात आपल्या माणसाला सुट्टी त्या दिवशी, ज्या दिवशी त्याचे मतच नव्हते, आणि ज्या दिवशी मत होते त्या दिवशी तिकडे कामाचा दिवस. कायदा म्हणतो की मतदार जिथे कामाला असेल तिथल्या मालकाने त्याला त्याच्या मतदारसंघाच्या मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी द्यावी. रोजंदारीवाल्यालाही ती लागू आहे. न दिली तर मालकाला दंड किती? जास्तीत जास्त ५०० रुपये! आणि टनावर मजुरी घेणाऱ्या कोयत्याला भरपगारी सुट्टी म्हणजे काय, हे कोण सांगणार?

आपली माणसे मताला येत नाहीत म्हणजे त्यांना गावाची ओढ नाही, असे कोणी म्हणू नये. काठीच्या होळीला गुजरातेतून माणूस येतोच. ट्रकमध्ये उभा राहून येतो, पण येतो. कारण होळीची तारीख त्याला वर्षभर आधी ठाऊक असते. त्या हिशेबाने तो मुकादमाशी बोलून ठेवतो, पैसे बाजूला ठेवतो. मतदानाची तारीख त्याला कळते ती महिनाभर आधी, तीही कळलीच तर.

मग करावे काय? निवडणूक आयोगाने २९ डिसेंबर २०२२ रोजी एका नव्या यंत्राची कल्पना मांडली. माणूस कामाला जिथे असेल तिथल्या केंद्रावर जायचे आणि आपल्या गावच्या मतदारसंघासाठी मत द्यायचे. एका यंत्रावर ७२ मतदारसंघांचे मत घेता येईल असे ते यंत्र. १६ जानेवारी २०२३ रोजी राजकीय पक्षांना बोलावून ते दाखवायचे होते. पक्षांनी शंका काढल्या. स्थलांतरित कोणाला म्हणायचे? परराज्यातल्या केंद्रावर आमचा माणूस कसा बसणार? तिथे आचारसंहिता लागू नसेल तर काय? यंत्रावर भरवसा कसा ठेवायचा? त्यानंतर ती गोष्ट तशीच राहिली.

शंका खोट्या नाहीत. साखर कारखान्याच्या आवारात केंद्र ठेवले आणि मुकादमच टोळी हाकत घेऊन आला, तर ते मत मजुराचे की मुकादमाचे? म्हणून केंद्र कारखान्यात नको, तालुक्याच्या कचेरीत किंवा शाळेत हवे. पण शंका आहे म्हणून पेरणीच करायची नाही, असे आपण करतो का? काश्मिरातून विस्थापित झालेल्या लोकांसाठी जम्मू, उधमपूर आणि दिल्लीत विशेष मतदान केंद्रे उघडली जातात. तिथे बसून ते आपल्या मूळ गावच्या उमेदवाराला मत देतात. म्हणजे सोय करायची ठरवली तर होते.

आणि ती कशी होते हे आपल्या जिल्ह्याला कोणी सांगायला नको. महाराष्ट्रातले पहिल्या क्रमांकाचे मतदान केंद्र आपल्या अक्कलकुवा तालुक्यातले, नर्मदाकाठचे मणिबेली. धरणाच्या पाण्यामुळे तिथे जायला कर्मचारी यंत्रे घेऊन बोटीत बसतात. थोड्या मतदारांसाठी सरकार पाण्यावरून जाते. २०२४ मध्ये ८५ वर्षांवरच्या म्हाताऱ्यांचे आणि अपंगांचे मत घ्यायला पथके घरी गेली. धडगावच्या डोंगरातल्या आजीच्या खाटेपर्यंत जे सरकार जाते, त्याला तिच्या नातवाच्या बारडोलीतल्या कोपीपर्यंत जाणे अवघड का व्हावे?

ही मागणी आपण करायला हवी. आमदार-खासदार मत मागायला येतात तेव्हा रस्ता मागतो, पूल मागतो, तसे हेही मागावे. कारण ज्याचे मत पडत नाही त्याच्याकडे कोणी फिरकत नाही. तोडीला गेलेल्यांच्या पोरांची शाळा का बुडते, त्यांच्या बायकांना बाळंतपणात दवाखाना का मिळत नाही, याचे एक कारण हेही आहे की त्यांच्या मतावाचून कोणाचे अडत नाही.

पण सोय होईल तेव्हा होईल. तोवर हातचे नाव जाऊ देऊ नका. हे सगळ्यांत महत्त्वाचे. २०२५ मध्ये बिहारात मतदार याद्यांची कसून तपासणी झाली, तेव्हा सुमारे ६५ लाख नावे प्रारूप यादीत आली नाहीत. त्यात मयतांची नावे होती, दुबार होती, पण कायमचे बाहेर गेले किंवा घरी सापडले नाहीत म्हणून गळलेलीही लाखो होती. तेव्हा घरी राहिलेल्यांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

एक, यादी तपासायला बीएलओ घरी आला आणि त्याने विचारले, "हा कुठे आहे?" तर "तो इथे नसतो" एवढेच बोलून गप्प बसू नका. "ऊसतोडीला गेला आहे, अमुक महिन्यात परत येईल" असे पुरते सांगा. थोड्या काळासाठी बाहेर गेल्याने माणसाचे राहणे मोडत नाही, असे कायद्यातच लिहिले आहे.

दोन, जो बिऱ्हाड उचलून सुरतेला कायमचा गेला आहे, त्याने नमुना ८ भरून नाव तिकडे न्यावे. दोन ठिकाणी नाव ठेवणे कायद्याला मान्य नाही, आणि खोटे लिहून दिले तर शिक्षा होते. गावावर माया असली तरी जिथे पाणी भरतो तिथला नगरसेवक निवडणे हेही कामाचेच आहे.

तीन, मुलगा-मुलगी परदेशी असेल आणि तिकडचे नागरिक झालेले नसतील, तर त्यांना नमुना ६अ भरायला सांगा. आज मत देता येत नसले तरी भरा. लाख-सव्वा लाख नावे आहेत तोवर सरकारला घाई नाही, कोटभर झाली की बसून चालणार नाही. ती कायमची परत आली की मग साधे मतदार म्हणून नव्याने नाव लावून घ्या.

चार, घरातल्या पोरांना अठरा वर्षे पुरी झाली की नमुना ६ भरा. आता वर्षातून एकदाच नव्हे, तर १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा धरल्या जातात. तोडीला जायच्या आधीच हे उरकून घ्या. काही अडले तर १९५० या क्रमांकावर फोन करा किंवा तहसील कचेरीत जा.

पाच, टोळी निघण्याआधी मुकादमाशी उचलीची बोलणी होतात तेव्हाच हेही बोला, की मतदान लागले तर एक दिवस आणि जाण्या-येण्याची गाडी. एकट्याने बोलून होणार नाही, सगळ्या टोळीने मिळून बोलावे. होळीसाठी बोलता, तसेच.

ग्रामसभेत यादी वाचली जाते तेव्हा कंटाळून उठून जाऊ नका. जो परमुलखात आहे त्याचे नाव वाचले गेले की नाही, याकडे कान ठेवा. तो स्वतः ऐकायला तिथे नसतो. त्याच्या वतीने मत देता येत नसले, तरी त्याच्या नावाची राखण करणे मागे राहिलेल्यांच्या हातात आहे.